पुण्याचे पाच दिवस

"पहिल्या दिवशी शनिवारवाडा, दुसऱ्या दिवशी सिंहगड, तिसऱ्या दिवशी पर्वती," हरिभाऊ वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत होता. "आणि चौथा, पाचवा?"

"ते मोकळेच ठेवा," प्रमोदिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात तांदूळ निवडणाऱ्या हंसाचे हात थांबले. मोकळे दिवस! लॉजच्या खोलीत नवरा-बायको दोन दिवस मोकळे राहून काय करणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

हंसा थोरली जाऊ. सदुसष्ट साली लग्न होऊन वसईजवळच्या पापडी गावातल्या या घरात आली, त्याला अकरा वर्षं झाली. केळीची वाडी, पानवेली, चूल आणि एक लेक, एवढंच तिचं जग. तिचा नवरा जगन्नाथ माणूस चांगला. पण बायकोला कुठं न्यावं, हे त्याला सुचतच नसे. धाकट्या हरिभाऊच्या लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि तो बायकोचा शब्द वरच्यावर झेलायचा.

"पुणंच कशाला?" हंसा दारात येऊन म्हणाली. "मुंबई काय वाईट आहे? सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

"मुंबईत जिकडं जावं तिकडं वसईचं माणूस भेटतं, ताई," प्रमोदिनी हसली. "चार दिवस तरी ओळखीचं कुणी नको."

ते हसू हंसाला मिरचीसारखं झोंबलं.

हल्ली प्रमोदिनीचं सगळंच तिला झोंबायचं. पावसाळ्यापासून ती अशी शेलाटी झाली होती की नवी नवरी वाटावी. भरलेली घागर उजव्या हातानं उचलायची नाही. हरिभाऊ स्वतः विहिरीवरून पाणी आणून द्यायचा. त्यात पुण्याहून लुसीची पत्रं. लुसी तिची शाळेतली मैत्रीण, इथलीच, आता पुण्यात नर्स होती. लॉजही तिनंच बघून दिलं होतं. पत्र आलं की प्रमोदिनी वाडीत जाऊन वाचायची आणि ब्लाउजमध्ये खोचून ठेवायची. लपवून ठेवावं असं एकही पत्र हंसाला अकरा वर्षांत आलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती सासूजवळ जाऊन बसली.

"आई, एक सांगायचं राहूनच गेलं. लेक तान्ही असताना तापानं फणफणली होती ना, तेव्हा मी कसब्याच्या गणपतीला नवस बोलले होते. अजून फेडलेला नाही."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"नेणारं कोण होतं?" हंसाच्या डोळ्यांत पाणी आलं. नवस खोटा होता. पाणी खरं होतं.

दोन्ही सुना एकदम बाहेर गेल्या तर पानं कोण खुडणार आणि चूल कोण बघणार? संध्याकाळी सासूनं निकाल दिला.

"देवाचं आधी. थोरली दोघं जाऊ देत. धाकटीनं दिवाळीनंतर जावं."

हरिभाऊ लालबुंद झाला. "अगं आई, तिकिटं काढलीत आम्ही!"

"त्याच तिकिटांवर तुझा भाऊ जाईल."

हंसा प्रमोदिनीकडं बघत होती. ही रडेल, निदान भांडी तरी आपटेल, अशी तिला आशा होती. प्रमोदिनी क्षणभर दाराची चौकट धरून उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"जाऊ देत ताईंना," ती म्हणाली. "आपण दिवाळीनंतर बघू."

जिंकूनही हंसाला हरल्यासारखं झालं. हिला साधं वाईटसुद्धा वाटू नये?

पुण्यात मात्र ती हौसेनं हिंडली. कसब्याला नारळ फोडताना तिनं मनातल्या मनात गणपतीची माफी मागितली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे हात लावून पाहिले. सिंहगडावर झुणका-भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी पर्वती चढताना जगन्नाथनं चारचौघांत तिचा हात धरला.

"आपण आधीच यायला हवं होतं गं," तो म्हणाला.

हंसाचा इतक्या वर्षांचा राग त्या पायऱ्यांवरच कुठंतरी गळून पडला. उतरल्यावर तुळशीबागेत तिनं हिरव्या बांगड्या घेतल्या. प्रमोदिनीसाठीही घेतल्या, स्वतःपेक्षा दोन कमी.

लॉजवर परतले, तर खालच्या बाकावर पांढऱ्या साडीतली लुसी बसलेली. हंसाला बघून ती उठली. तिनं हंसाच्या मागं, जगन्नाथच्या मागं, पार रस्त्यापर्यंत पाहिलं.

"प्रमू कुठाय?"

"ती नाही आली. आम्हीच आलो." हंसानं हात पुढं करून बांगड्या सारख्या केल्या. "तिचं काय एवढं? येईल दिवाळीनंतर, निवांत."

"दिवाळीनंतर?" लुसीनं हंसाचं मनगट धरलं. "तुम्हाला कुणालाच बोलली नाही ती? हरिभाऊंनासुद्धा?"

"काय बोलायचं?"

"उद्या सकाळी तिला भरती करायची होती हो. मे महिन्यात मी घरी आले होते, तेव्हाच छातीतली गाठ लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत थांबणार असाल, तर मग तिला आणूच नका."