शेवटचं तोंड

सेदिनामनं डोळा चोळला आणि लगेच हात मागे घेतला. चोळायचं नसतं. आक्रा शहरातल्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर गिऱ्हाइकांना हेच तर सांगते. डोळे चोळू नका, लेन्स घालून झोपू नका, साध्या पाण्यानं धुऊ नका, टोचायला लागल्या की आधी काढा, आणि चष्मा कायम जवळ ठेवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतः मात्र रात्रभर बसमध्ये लेन्स घालूनच झोपली. वाळवंटाकडून येणारा हरमॅटनचा कोरडा वारा खिडकीच्या फटीतून धूळ आत टाकत होता. आता गावच्या घरामागच्या पाण्याच्या पिंपापाशी ती उभी होती आणि मिरचीचा हात लागावा तशी दोन्ही डोळ्यांची आग होत होती.

मावून्यो, तिची आतेबहीण, पाण्याची पिशवी घेऊन आली. "हे घे, थंड आहे. धू आणि परत घाल."

"पाण्यानं नाही चालत. त्याचं औषध वेगळं असतं."

"मग काढ की ते औषध."

"आक्राला राहिलं."

"आणि चष्मा?"

सेदिनाम पिंपाकडे वळली. चष्मा राहिला नव्हता, तिनं तो मुद्दाम मागे ठेवला होता. शाळेतल्या साऱ्या पोरी मयताला येणार होत्या, आणि जाड काचांवरून त्या अजूनही तिला 'बाटली' म्हणायच्या. बापाला मूठमाती द्यायला निघताना आपल्याला हे सुचावं, याची तिला आता मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

तेवढ्यात तासी आली. तासी म्हणजे आत्या. मयताचं सगळं तिच्या हुकमानं चाललेलं. तिनं सेदिनामची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं बाई! हे डोळे आहेत की पामतेलाच्या वाट्या? रडून झालेत म्हणावं, तर अजून रडलीस कुठे?"

"लेन्स टोचतायत, तासी."

"मग काढ ते प्लास्टिक. भाऊ गेलाच माझा, आता भाचीचे डोळेही जाऊ देत का?"

"काढल्या तर दिसणार नाही मला. पप्पांचं तोंड दिसणार नाही."

"आणि ठेवल्यास तर काय दिसतंय? उघड बरं डोळे."

डोळे उघडेनात. उघडले तरी पाण्याच्या धारा, आणि लगेच मिटत. तासीचं खरं होतं, दुकानात सेदिनामनंही हेच सांगितलं असतं. तिनं हात धुतले, कोरडे केले आणि लेन्स काढल्या. वाळून त्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या झाल्या होत्या. डोळ्यांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाच तिला राग आला.

आत पितळी पलंगावर मास्तरांना, तिच्या बापाला, निजवलं होतं. शेजारी पेटी उघडी. बाहेर बँडवाले वाजवत होते आणि पाद्री येऊन बसला होता. त्यानं प्रार्थना सुरू केली की झाकण लागणार. सेदिनाम पलंगाशी गेली. पिवळ्या-हिरव्या कापडाचा एक ढीग आणि त्याच्या वरच्या टोकाला तपकिरी डाग, एवढंच तिला दिसलं. ती खाली वाकली. आणखी वाकली.

तासीनं तिचा दंड धरला. "बास. मयतावर डोळ्यांतलं पाणी पडू नये."

"कसे दिसतायत, तासी? तू सांग ना."

"चांगला दिसतोय. दाढी केलीय. पांढऱ्या सदऱ्यावर कापड पांघरलंय. चष्मा पुसून घातलाय, नाहीतर तिकडची वाट कशी दिसायची त्याला?"

सेदिनामनं मान वर केली. बापाचे आणि तिचे डोळे एकाच मुशीतले. हा चष्मा तिनंच दुकानातून करून पाठवला होता. नंबर जवळजवळ तिचाच.

तिनं हात पुढे केला. भिंतीपाशी बसलेल्या बायकांत कुजबुज झाली.

"मयताच्या अंगावरचं काढते ही?" कोणीतरी म्हणालं.

"मला एकदा बघायचंय," सेदिनाम म्हणाली. "एकदाच."

तासी पुढे झाली. मग तिनं स्वतःच भावाच्या नाकावरून चष्मा अलगद उचलला आणि भाचीच्या हातात दिला. "पटकन."

सेदिनामनं चष्मा लावला. सगळं लख्ख झालं. उशीच्या झालरीचा सुटलेला दोरा, नाकपुड्यांतला कापूस, गालावरची पावडर. आणि मधोमध एक चेहरा. नाकावर दोन खोल वळ. डोळ्यांभोवतीची कातडी उजळ, उघडीवाघडी. मिटलेले डोळे लहान, कुणा परक्या म्हाताऱ्याचे असावेत तसे. बाप-लेक दोघंही चष्मा उतरवायचे ते दिवा मालवल्यावर. हे तोंड तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ती त्यात आपला बाप शोधू लागली. कपाळ बघितलं, ओठ बघितले, परत डोळे बघितले. सापडेना.

बाहेर बँड थांबला. पाद्री दारात आला.

"झालं?" तासीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. अंगावरच्या कापडानं पुसला, भावाच्या नाकावर ठेवला, दांड्या कानांमागे नीट बसवल्या. जरा मागे सरकून बघितलं. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"हं. आता कसा आपला मास्तर दिसतोय. दिसतोय ना गं?"

सेदिनाम त्या तपकिरी डागाकडे बघत होती.

"हो, तासी," ती म्हणाली. "दिसतायत."