गुरुजींचं नाक

"कोंबड्यांचं खुराडं!" वुकोसाव गुरुजींनी सहावा पेला नाकाखालून काढून बाजूला ढकलला. "पुढची? शी, जळकं टायर! अरे, आलुबुखाराची राकिया गाळता की गोठा धुता?"

शाळेचा हॉल हसला. ज्याची राकिया होती, तोही बिचारा हसला. सर्बियातल्या त्या गावात दर हिवाळ्यात ही घरगुती दारू हुंगून गुरुजी निवाडा देत. पीत कधीच नसत. "मला नाक पुरतं," म्हणत. असं नाक पंचक्रोशीत नाही, हेही त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं.

गेल्या वर्षी तिहोमिरच्या राकियाला ते म्हणाले होते, "ओलं कुत्रं!" तिहोमिरनं घरी जाऊन अख्खं पिंप ओढ्यात ओतलं. चाळीस वर्षं राकिया गाळणारा माणूस, पुन्हा भट्टीपाशी गेला नाही. ईस्टरच्या आधीच वारला. त्या पिंपातली एक बाटली त्याच्या बायकोनं, रोसांदानं, अवजारांच्या खोलीत लपवून ठेवली होती. आज बाटल्यांवर नुसते आकडे होते. तिची नववी. या हॉलमध्ये नवऱ्याचं नाव एकदा मानानं घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

गुरुजींनी नवव्या बाटलीचं बूच काढलं.

रोसांदाच्या नाकात एकदम उग्र भपका शिरला. कुजक्या लसणाचा हा वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. बटाट्यावरच्या किड्यांचं औषध! या गावात रॉकेल काय, विष काय, सगळं राकियाच्या रिकाम्या बाटल्यांतच भरून ठेवतात. घाईत तिनं शेजारची बाटली उचलली होती.

पहिल्या रांगेनं नाकाला रुमाल लावले. गुरुजींनी मात्र पेला भरला आणि डोळे मिटून हुंगला. पुन्हा हुंगला.

"वा! याला म्हणतात राकिया! पिकलेलं फळ, वर तुतीच्या लाकडाच्या पिंपाचा गंध. पहिला नंबर!"

आणि काय सांगावं, रुमाल एकेक करून खाली आले! "खरंच हो, पिकलेलं फळ," सरपंच श्वास रोखून म्हणाले. लाज म्हणून नसतेच काही लोकांना.

"ही तर मी पिणारच," गुरुजी म्हणाले.

रोसांदा क्षणभर बसून राहिली. पहिला नंबर. तिहोमिरचं नाव. पिऊ दे मेल्याला, असंही तिच्या मनात आलं. मग ती खुर्च्या पाडत धावली आणि पेला त्यांच्या ओठांपासून उडवला.

"विष आहे ते! सगळ्या हॉलला घाण येतेय, तुम्हाला येत नाही?"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलाला धरून ते खाली बसले. "नाही येत," ते पुटपुटले. "सहा वर्षांपूर्वी ताप आला, तेव्हापासून कसलाच वास येत नाही."

रोसांदानं डोळे पुसले नाहीत. सरळ विचारलं,

"मग माझ्या तिहोमिरच्या राकियाला ओल्या कुत्र्याचा वास कुठल्या नाकानं आला, गुरुजी?"