करकर

रेवतीने चपलांच्या दुकानाच्या पेजवरच्या पोस्टना ओळखीसाठी रंगीत लेबलं लावली. लग्नसराईच्या जाहिरातींना केशरी, सवलतीच्या जाहिरातींना निळा. ज्या रंगाने गिऱ्हाईक आणलं, तोच पुढे ठेवायचा होता.

कुणी किती गिऱ्हाईक आणलं याची तुलना उघडली, तर दोन्हींच्या कितीतरी वर एक बिनलेबलाचा व्हिडिओ. त्यात तिचे सासरे नवी कोल्हापुरी घालून अंगणात करकर वाजवत फिरत म्हणत होते, "दादा, आवाज ऐक की."

तिने तो दाखवताच मामंजी ओशाळले. "थोरल्या भावाला धाडायचा होता गं. पेजवर कसा गेला? पुसून टाक."

रेवतीने त्याखाली आलेल्या ऑर्डरी त्यांना दाखवल्या. मग गुलाबी रंग निवडून त्याला नाव दिलं, 'मामंजी'.

"उद्या कुठला जोड घालणार?"

 मामंजी फळीपाशी उभे राहून, एकेक चप्पल वाकवून, कानाला लावून बघत होते.