ओठ मिटून

“ओठ मिटून वाचा,” संशोधक चौथ्यांदा म्हणाला. “हनुवटी हलली की कॅमेऱ्याला तुमची नजर सापडत नाही.”

मी चिडून हनुवटी पुन्हा टेकूवर ठेवली. पडद्यावर स्पॅनिश वाक्य उमटलं आणि मेले ओठ हललेच. इंग्रजी मी दिवसभर मनात वाचते. ती अमेरिकेतल्या शाळेनं शिकवली. स्पॅनिश मात्र घरची. आईला दिसत नाही, त्यामुळे मावशीची पत्रं, चर्चची पत्रकं, सगळं लहानपणापासून तिला मोठ्यानंच वाचून दाखवत आले. स्वतःपुरतं स्पॅनिश वाचायची वेळच कधी आली नव्हती.

शेवटी रुमाल दातांत घट्ट धरला. साठ वाक्यं संपली, पण त्यातलं एकही आठवेना.

“आता जमलं!” तो खुशीत म्हणाला. “घरी स्पॅनिश शिकलेली माणसं कशी वाचतात, ते यातून कळेल.”

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पांढरी काठी धरून बसलेल्या आईला मी हात देऊन उठवलं. तीही वैतागलेली होती.

“तासभर गप्पच बसलीस की गं,” ती म्हणाली. “वाचायला आलो होतो ना आपण?”