न पडणारी स्कूटर

या खेपेला बाबांना एका भाजीवाल्यानं घरी आणून सोडलं. मागच्या खेपेला एक शिक्षिका होती. भाजीवाला स्कूटरही ढकलत घेऊन आला होता. बाबांच्या खिशात मुलाच्या चष्म्याच्या दुकानाचं कार्ड असे. त्यावर फोन करून लोक घरचा पत्ता विचारून घेत.

सुनेनं गुडघे पाहिले. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"पडायचं कसं, ते तुमच्याकडून शिकून घ्यायला हवं, बाबा."

"गर्दी बघून पडावं," बाबा म्हणाले. "उचलायला माणसं लागतात."

मुलाला हसू आलं नाही. त्यानं हिशेब मांडला : पळत्या गाडीवरून बाबा कधी पडत नाहीत, थांबले की पडतात. म्हणजे पायांतली ताकद गेली. सुनेचं म्हणणं, स्कूटर काढूनच घ्यावी. पण आई गेल्यापासून बाबांना तेवढं फिरणंच उरलं होतं. आणि जन्मभर शहर बस चालवलेला हा माणूस दुसऱ्याच्या मागे बसायला तयार नव्हता.

म्हणून मग पुढे दोन चाकं असलेली स्कूटर बघायला गेले. वळताना ती नेहमीच्या गाडीसारखीच कलायची. थांबल्यावर हँडलजवळचं बटण दाबलं, की खुंटा ठोकल्यासारखी उभी. विक्रेत्यानं दोन्ही पाय वर घेऊन, हाताची घडी घालून तिच्यावर बसून दाखवलं.

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. जुनीच बरी होती, म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. म्हातारी माणसं नव्याला नाक मुरडायचीच, असं धरून मुलानं जुनी स्कूटर तिथल्या तिथे बदल्यात देऊन टाकली. बाबांचं मन फिरायच्या आत.

त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. फोन वाजला की सून हातातलं काम टाकून धावायची, तेही थांबलं. बाबा मात्र कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेजाऱ्यांनी चेष्टा सुरू केली. शेवटी मुलगाच म्हणाला, एवढी गाडी घेतली ती काय फाटकापाशी मिरवायला? जरा लांब जाऊन या की.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. जातो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मोबाइल नेहमीसारखा टेबलावरच विसरला होता. दुपार टळली, संध्याकाळ झाली. सून दारात उभी. मुलानं तिला धीर दिला, कुणाचा फोन नाही म्हणजे कुठे पडले नाहीत.

अंधार पडल्यावर त्यानं पोलिसांत कळवलं.

पुढच्या दिवशी दुपारपर्यंत तो फोटो दाखवत हिंडला. गाव संपतं तिथल्या टायरवाल्यानं फोटो ओळखला.

"पुढं दोन चाकंवाले आजोबा ना? काल इथंच थांबले होते. कुठं जायचंय, विचारलं. घरी, म्हणाले. कुठल्या बाजूला, तर दोन्हीकडं बघत राहिले. मी गिऱ्हाईक बघत होतो. वळून पाहतो तर आजोबा खाली उतरलेले, गाडीला खांदा लावून सगळं अंग तिच्यावर टाकतायत. बिघडली का, विचारलं. पडत नाहीये, म्हणाले. मग डोळे पुसले, वर बसले आणि तसेच पुढं निघून गेले."