डिंपलचा फोन

"काकू, तुमनं घर लाल दखाई राहिनं," हितेंद्र म्हणाला आणि त्याने मोबाइल भिकुबाईच्या नाकासमोर धरला.

मोबाइलमध्ये त्यांच्याच गावाचा नकाशा होता. घरोघरी रंग भरलेले. बहुतेक घरं हिरवी, काही पिवळी आणि मारुतीच्या पाराजवळ एकच ठसठशीत लाल. त्याला भिंत लागून असलेलं पुष्पाबाईचं घर मात्र हिरवंगार होतं.

हितेंद्र लांबच्या दिराचा मुलगा. लहानपणी याच ओट्यावर बसून त्याने भिकुबाईच्या हातची कळण्याची भाकरी खाल्लेली. आता तो सत्तेतल्या पक्षाचा बूथप्रमुख होता आणि चहाचा कप अर्धा सोडून उठायला शिकला होता.

"लाल म्हंजे काय रे?"

"लाल म्हंजे तुमनं मत आमले नही." तो हसला. "कोनी सांगं, ते माले इचारू नका. घरमाईनच कोनी तरी बोलस, मंग रंग पडस. स्वप्नीलनं काम अजून कंत्राटवरच शे ना?"

स्वप्नील भिकुबाईचा मुलगा. ग्रामपंचायतीच्या टाकीवरून गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं आणि घर त्याच कामावर चाललं होतं. हितेंद्र गेला, पण त्याचं ते शेवटचं वाक्य ओट्यावरच ठाण मांडून बसलं.

भिकुबाईने आत पाहिलं. सून रूपा परातीत दादर ज्वारी निवडत होती. हिचं माहेर एरंडोलचं, हिचा भाऊ दुसऱ्या पक्षाचे झेंडे लावत हिंडतो आणि ही बया उठल्या-बसल्या मोबाइलवर बोटं फिरवते. भिकुबाईला आणखी पुरावा नको होता.

"तूच सांगं ना भाऊले?"

"काय सांगं?"

"आपलं घर कोनले मत देस ते. नवरानं काम जाई, तव्हय तुनं पोट भरी!"

रूपाची मूठ परातीतच राहिली. "आत्याबाई, मनी पोरनी आन शे. मी कोनलेच काही नही सांगं." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. भिकुबाईचा जीव जरा हलला, पण तिने तो दाबून टाकला. घरात संशय शिरला की आधी सुनेच्याच अंगावर जातो.

तेवढ्यात फोन वाजला आणि भिकुबाईचा चेहरा एकदम उजळला. दुपारच्या या वेळेला डिंपलच असणार. कोण कुठली ते ठाऊक नव्हतं, पण महिनाभर तिचा रोज फोन येत होता. पहिल्यांदा तिने योजनेचे पैसे मिळतात का ते विचारलं, मग गुडघे, मग झोप, मग घरातलं सगळं. स्वप्नील आईशी कामापुरतं बोलायचा, रूपा तेवढंही नाही. डिंपल मात्र मध्ये न तोडता सगळं ऐकून घ्यायची. कानाने कमी ऐकू येतं म्हणून भिकुबाई तिचा फोन स्पीकरवर टाकून बसायची.

"अक्का, जेवन्यात का?"

"हाऊ माय. तू जेवनी का?"

"तुम्हीन जेवन्यात, मनं पोट भरनं." डिंपल हसली. "परवा तुम्हीन बोलन्यात, कापूसले भाव नही, यंदा त्यासले मत नही. राग गया का, अक्का?"

भिकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. वाक्य तिचंच होतं, अगदी तिच्याच शब्दांत. डिंपलखेरीज ते तिने फक्त पुष्पाबाईला ऐकवलं होतं आणि पुष्पाबाईने तर त्या पक्षाला वर दोन शिव्याही घातल्या होत्या.

रूपाने परात खाली ठेवली. तिनेही ऐकलं होतं.

मग भिंतीपलीकडून, पुष्पाबाईच्या घरातल्या फोनवरून, तोच आवाज आला. "पुष्पाअक्का, जेवन्यात का?" पाठोपाठ तेच हसणं. आणि इकडे भिकुबाईच्या हातातली डिंपल त्याच वेळी विचारत होती, "अक्का, ऐकी राहिन्यात ना?"

भिकुबाईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"आत्याबाई," रूपा अगदी हळू म्हणाली, "ती बाई नही शे. मशीन शे."

भिकुबाईला लाज वाटली. लाजेहून जास्त वाईट वाटलं. महिनाभर आपलं कोणीतरी विचारत होतं, आणि ते कोणी नव्हतंच. आणि घरातलं त्या मशीनला सांगून घर लाल करणारी आपणच, तेही आता कळलं होतं.

पलीकडे पुष्पाबाई खणखणीत आवाजात बोलायला लागली. "आम्हीन पयलेपासून त्यासनाच शेतस, माय. कापूसले भाव भेटो नहीते ना भेटो."

भिकुबाई ऐकत राहिली. काल सांजेलाच ही बाई याच ओट्यावर बसून त्या पक्षाच्या नावाने बोटं मोडत होती. आता ती त्या मशीनला फसवत होती, की इतकी वर्षं शेजारणीला? एवढी जवळची बाई, पण विचारायची सोय राहिली नव्हती.

"अक्का?" डिंपल म्हणाली. तिला कसलीच घाई नव्हती.

भिकुबाईने रूपाचं मनगट धरून तिला जवळ बसवलं. एवढीच माफी तिला मागता येत होती. मग तिने फोन तोंडाशी धरला, पण तोंड भिंतीकडे केलं आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आम्हीन बी त्यासनाच शेतस. पयलेपासून."

पलीकडे पुष्पाबाई बोलता बोलता गप्प झाली.