भुरके

उरुग्वेतल्या मोन्तेविदेओत व्हिडिओ संपादक एल्बिओने व्हिडिओतल्या रिकाम्या जागा आपोआप कापणारी दोन प्लग-इन आणली आणि मिर्ताच्या वारलेल्या वडिलांच्या मुलाखतीवर चालवून पाहिली. बोलता बोलता म्हातारा घरात आळीपाळीने हातोहात फिरणाऱ्या भोपळ्याच्या भांड्यातला चहा नळीने ओढत होता. पहिल्याने शांतता कापली, पण ते भुरके बोलणं समजून तसेच ठेवले. "याला काही कळत नाही," म्हणत एल्बिओने ते बाद केलं. दुसऱ्याचं काम चोख होतं.

मिर्ताने दुसऱ्याने कापलेली मुलाखत शेवटपर्यंत पाहिली. "छान झालंय रे. पण घोट घेतल्याशिवाय बाबा एवढं बोलतील होय?"

एल्बिओने बाद केलेली पहिली प्रत लावली. तळाशी गेलेल्या चहाचा भुरका वाजला, आणि आता भांडं आपल्याकडे येणार म्हणून मिर्ताचा हात आपसूक पुढे झाला.